मापसाहेबांचा हलका लझानिया

“येत्या रविवारी माझा वाढदिवस. त्या दिवशी ताटात माझा आवडता लझानिया असला, तर मी इथे राहीन. नसला, तर सोमवारी सकाळी टॅक्सी बोलवा. मी माझ्या घरी जाते,” असं जाहीर करून सासूबाईंनी उकडलेल्या फरसबीची वाटी दोन बोटांनी पलीकडे सरकवली आणि वर शांतपणे पाण्याचा घोट घेतला. वाटी जिच्यासमोर जाऊन थांबली ती त्यांची लेक. तिने वाटीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने, म्हणजे आपल्या मापसाहेबांनी, फरसबीत काहीतरी हरवल्यासारखी मान खाली घातली.

मापसाहेब हे अर्थातच त्यांचं नाव नव्हे. वजनमापे निरीक्षक म्हणून उभी हयात त्यांनी दुकानादुकानांतून काटे तपासण्यात घालवली होती. काट्याच्या पारड्याखाली चिकटवलेली चकती ते दुकानाच्या दारातूनच ओळखत. पाकिटावर छापलेलं वजन आणि पाकिटातला माल यांत तफावत दिसली की त्यांच्या पोटात दुखायला लागे. घरीसुद्धा बिस्किटांचा नवा पुडा आधी काट्यावर जाई आणि मग बशीत येई. हा माणूस खोटं बोलत नसे, पण त्यात फार मोठं तत्त्व वगैरे होतं असं समजू नये. खोटं बोलायलाही सराव लागतो, आणि त्यांचा तो झालाच नव्हता.

सासूबाई त्यांच्याकडे राहायला आल्या त्या न्हाणीघरात पडल्यामुळे. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्या एकट्या राहत. इन्शुलिन जास्त झालं, साखर एकदम उतरली, चक्कर आली, आणि सकाळी दूधवाल्याने दार ठोठावेपर्यंत बाई ओल्या फरशीवर पडून होत्या. दुसऱ्या दिवशी लेकीने त्यांना उचलून आपल्याकडे आणलं. डॉक्टर म्हणाले होते, “कार्ब, म्हणजे पाव, बटाटा, साखर, जरा बेताने खा.” त्यातला ‘जरा’ हा शब्द दवाखान्यातून घरी येताना रस्त्यात कुठेतरी पडला. लेकीने घरातून साखर हद्दपार केली. मग मध, मुरंबा, मैदा, बटाटे, पाव, सगळ्यांची रवानगी झाली. फळांच्या टोपलीत काकड्या आल्या. इन्शुलिनची सुई मात्र सासूबाई खोलीचं दार लावून स्वतःच घेत. तिथे कोणी डोकावलं की म्हणत, “ते माझं खातं आहे. तुम्ही तुमची फरसबी सांभाळा.”

आता कुठल्याही जावयाला सासू आपल्या घरी परत जाणार म्हटल्यावर जो आनंद व्हायला हवा, तो मापसाहेबांना होईना. कारण असं होतं की रोज संध्याकाळी ते कामावरून आले की सासूबाई पत्ते पिसत विचारत, “काय जावईबापू, आज कोणाचा काटा पकडलात?” आणि ते सांगत. लोखंडी वजनाच्या पोटातलं शिसं कसं कोरून काढतात, पेट्रोल पंपावरचं माप उन्हात कसं फुगतं, सगळं सांगत. सासूबाई पत्ते खाली ठेवून ऐकत, मध्येच नेमका प्रश्न विचारत, चोर पकडला की टाळी वाजवत. एवढ्या वर्षांत हे कोणीच विचारलं नव्हतं. बायकोला तर ‘प्रमाणित वजन’ हे दोन शब्द कानावर पडले की जांभई येई. सासूबाई गेल्या तर संध्याकाळी घरी येऊन करायचं काय, या विचाराने त्यांना धास्ती वाटली. अर्थात हे त्यांनी कोणाला बोलून दाखवलं नाही. मोठ्या माणसाने सासूसाठी गळा काढायचा म्हणजे फारच झालं.

खलबत स्वयंपाकघरात झालं. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून बायकोने नळ सोडून ठेवला होता.

“हलका लझानिया करायचा,” ती म्हणाली. “पास्त्याच्या पट्ट्यांच्या जागी भाजीचे थर. वरून सॉस, चीज, सगळं तसंच. आईला कळता कामा नये.”

“म्हणजे लेबलवर एक आणि डब्यात दुसरं?”

“अहो, ती माझी आई आहे. पाकीटबंद माल नाही.”

“तरी पण फसवणूक ती—”

“ती परत त्या घरी एकटी राहायला गेली आणि पुन्हा पडली तर? दूधवाल्याची वाट बघत बसायचं?” नळाच्या धारेतूनही तिचा आवाज कापरा ऐकू आला.

मापसाहेब म्हणाले, “मी करतो. पण त्यांनी विचारलं तर तू बोलायचं. मी तोंड उघडणार नाही.”

मंगळवारी कसलीशी सरकारी सुट्टी होती. सासूबाई दुपारी बागेत फिरायला गेल्यावर पहिला प्रयोग झाला. पट्ट्यांच्या जागी कोबीची पानं घ्यावीत ही सूचना शिंप्याची. याचं दुकान इमारतीच्या तळमजल्यावर होतं, आणि कुठलीही गोष्ट कुठल्याही गोष्टीच्या जागी लावता येते, यावर त्याचं आयुष्य चाललं होतं. “साहेब, पान रुंद, लवचीक, कडेने कापलं की बेतशीर बसतं,” तो म्हणाला. दिसायला बसलंही बेतशीर. पण कोबी उकळायला लागला तसा एक वास उठला. तो आधी पडद्यांत शिरला, मग दाराखालून जिन्यात गेला आणि एकेक मजला घेत वरपर्यंत पोहोचला. खिडक्या उघडल्या तेव्हा तो बाहेर न जाता दुसऱ्यांच्या खिडक्यांतून आत गेला. ट्रेमधून निघालं ते सूप होतं. वरचं चीज त्यात पोहत होतं. मापसाहेबांनी ते घाईघाईने ओतून दिलं, आणि नेमकं तेव्हाच दार वाजलं.

दारात सोसायटीचे सेक्रेटरी. गेटाच्या पलीकडेच त्यांचं किराणा दुकान होतं. मागे एकदा मापसाहेबांनी त्यांच्या काट्याला सील ठोकलं होतं. काटा गिऱ्हाइकाच्या फायद्याचा लागत होता, म्हणजे सेक्रेटरी स्वतःचंच नुकसान करून घेत होते. पण चूक ती चूक. तेव्हापासून सेक्रेटरींचं त्यांच्याशी बोलणं कागदोपत्री भाषेत चाले.

“इमारतीत उग्र स्वरूपाचा वास येत आहे. आपणांस जाणवला काय?” सेक्रेटरींनी विचारलं. त्यांच्या हातात अर्ज होता. “ड्रेनेज फुटलेलं दिसतंय. तक्रारीवर सरकारी माणसाची साक्ष असली की वजन पडतं. म्हणून आलो.”

मागे स्वयंपाकघरात बायको पातेल्यावर झाकण दाबून उभी होती. वासाचा खरा उगम सांगावा, तर सेक्रेटरी तो सोसायटीच्या फलकावर लिहिणार आणि सासूबाई बागेतून येताना आधी फलक वाचत. मापसाहेबांनी पेन घेतलं. स्वतःच्याच कोबीविरुद्धच्या तक्रारीवर त्यांनी लिहिलं, ‘वास येत होता, हे खरे आहे.’ पुढे एक शब्द लिहिला नाही. अक्षर न् अक्षर खरं होतं, तरी सही करताना त्यांचा हात जड झाला.

त्या सहीचं वजन खरंच पडलं. दुसऱ्या दिवशी ड्रेनेजची माणसं आली आणि गेटासमोर खणायला लागली. ड्रेनेज धडधाकट निघालं. पण ते शोधताना पाण्याचा पाइप फुटला. मग पाण्याची माणसं बोलवावी लागली. ती म्हणाली, खड्डा ज्यांनी खणला त्यांनी लेखी द्यावं. खणणारे म्हणाले, तक्रार ज्यांनी केली त्यांनी लेखी द्यावं. खड्डा तसाच राहिला. इमारतीतले लोक त्यावर टाकलेल्या फळीवरून ये-जा करू लागले, आणि सासूबाई रोज संध्याकाळी पत्ते पिसताना म्हणू लागल्या, “एवढा खड्डा, आणि आत काही सापडलं नाही म्हणे! कमाल आहे. वास तर मलाही आला होता.” मापसाहेब हातातली पानं पुन्हा पुन्हा लावत राहत.

आता घरात प्रयोग करणं शक्यच नव्हतं. सगळ्यात वरच्या मजल्यावर नर्सबाई राहत. एकट्या, स्पष्टवक्त्या, आणि ओव्हन बाळगून असलेल्या. त्यांना कटात घेतलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाल्या, “कोबी सोडा. वांगी आणा. मोठी, कमी बियांची. आणि पाणी काढा, पाणी. सगळा घोटाळा पाण्याचा आहे.”

मापसाहेबांना हे एकदम पटलं. ज्या मालात पाणी मिसळलंय तो माल खोटा, हे तर त्यांना कोणी शिकवायला नको होतं. गुरुवारी त्यांनी रजा टाकली. एवढ्या नोकरीत त्यांनी अशी अचानक रजा टाकली नव्हती, त्यामुळे ऑफिसातून दोन जणांनी फोन करून ‘घरी सगळं ठीक ना’ असं विचारलं. नर्सबाईंच्या ओट्यावर वांग्यांचे लांब काप मांडले गेले. जाडी सगळीकडे सारखी यावी म्हणून मापसाहेब पट्टी लावत होते. त्यावर मीठ पसरलं, आणि थोड्या वेळात वांग्यांना घाम फुटला. काप फडक्यात गुंडाळले. वर दाबायला घरून त्यांची खासगी वजनं आणली. जुनी, खात्याने बाद केलेली लोखंडी वजनं. इतकी वर्षं घरात ती दारं अडवायच्या कामी येत होती. फडक्यातून पाणी थेंबाथेंबाने गळू लागलं. त्याखाली मापसाहेबांनी मोजपात्र धरलं आणि ते पुन्हा पुन्हा उचलून डोळ्यांच्या रेषेत नेऊ लागले.

“प्यायचंय का ते?” नर्सबाईंनी विचारलं.

तरीही दुसरा लझानिया पाणचट झालाच, पण पहिल्याइतका नाही. चमचा उभा राहत नव्हता, फक्त कलत होता. तेव्हा शिंपी म्हणाला, “ओलं कापड पिळून सुकत नाही साहेब. इस्त्री मारावी लागते.” याच्या सल्ल्याने एकदा खड्डा पडला होता, तरी मापसाहेब गेले. माणूस घाबरलेला असला की सल्ला कोणाचा आहे हे बघत नाही. शुक्रवारी संध्याकाळी, दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून, शिंप्याच्या टेबलावर मलमलीच्या दोन घड्यांमध्ये वांग्याचे काप ठेवून इस्त्री फिरवण्यात आली. वाफ निघाली, चुर्र आवाज झाला, आणि काप निघाले ते पातळ, मऊ, किंचित तपकिरी आणि कोरडे ठक्क. मापसाहेबांनी एक काप उचलून दिव्यासमोर धरला. हुबेहूब पास्त्याची पट्टी! आठवड्यात पहिल्यांदा त्यांना नीट श्वास घेता आला. तेवढ्यात शिंप्याच्या लक्षात आलं की खालची घडी मलमलीची नसून गिऱ्हाइकाच्या नव्या पांढऱ्या शर्टाची होती. पाठीवर वांग्याचे जांभळट पट्टे उठले होते.

“आता काय?” मापसाहेबांनी शर्ट उचलून पाहिला.

“पट्ट्यांचं डिझाइन म्हणून देऊन टाकू,” शिंपी म्हणाला. खरं सांगतो की खोटं, हे मापसाहेबांनी विचारलं नाही. या आठवड्यात बऱ्याच गोष्टी न विचारण्याची त्यांना सवय लागत चालली होती.

रविवार उजाडला. नर्सबाईंची दिवसपाळी होती, पण जाताना त्या किल्ली देऊन गेल्या. सॉस झाला, चीज झालं. घरातलं सगळं दूध पांढऱ्या सॉसमध्ये गेलं, आणि तो घट्ट करायला मैद्याऐवजी फ्लॉवर वाटून घातला. मापसाहेबांनी एकेका पदार्थाच्या कार्बचा हिशेब मांडला. एका माणसाच्या वाढपात एका पावाच्या कापापेक्षाही कमी! हा आकडा बायकोला सांगताना ते अभिमानाने लाल झाले. मग फडक्यात गुंडाळलेला तापलेला ट्रे घेऊन ते जिना उतरू लागले. प्रत्येक मजल्यावर कोणी दार उघडतंय का याचा कानोसा घेत, पायरीचा अंदाज पायाने घेत, घामाने चष्मा नाकावरून घसरत असताना. खालून सेक्रेटरी वर येत होते.

“खड्ड्याबाबत आपल्याशी चर्चा करावयाची आहे.”

“उद्या,” मापसाहेब पुटपुटले.

“हे काय नेत आहात? छान वास येतोय.” सेक्रेटरींची भाषा पहिल्यांदाच कागदावरून खाली उतरली.

“लझानिया,” मापसाहेब म्हणाले, आणि सेक्रेटरींच्या बाजूने तिरके होऊन निसटले.

टेबल मांडलं होतं. सासूबाई ठेवणीतले कपडे घालून, केस नीट बांधून बसल्या होत्या. ट्रे समोर आला तसा त्यांचा चेहरा असा काही उजळला की मापसाहेबांना त्याच्याकडे बघवेना. चौकोनी तुकडा ताटात पडला. थर सुटला नाही, पाणी आलं नाही, चीजची तार निघाली. सासूबाईंनी पहिला घास घेतला. बायकोने टेबलाखाली नवऱ्याचा गुडघा आवळून धरला.

सासूबाई चावत राहिल्या. फार वेळ चावत राहिल्या.

“पट्ट्या जरा वेगळ्या लागतायत,” त्या म्हणाल्या.

“नवीन कंपनीच्या आहेत,” बायको पटकन म्हणाली.

“तू गप्प बस. तू मला फरसबी नूडल्स म्हणून खाऊ घातलीस.” सासूबाईंनी काटा खाली ठेवला आणि मोहरा वळवला. “जावईबापू, तुम्ही सांगा. तुम्ही काही खोटं बोलणार नाही. हा माझा लझानिया आहे ना? पास्त्याचा?”

गुडघ्यावरची बोटं रुतली. मापसाहेबांना डोळ्यांसमोर टॅक्सी दिसली, टॅक्सीच्या टपावर सासूबाईंची पेटी दिसली, आणि संध्याकाळी टेबलावर न पिसलेला पत्त्यांचा जोड दिसला.

“हो,” ते म्हणाले.

एवढासा शब्द, पण तोंडातून निघताना दाढ उपटल्यासारखा वाटला. सासूबाई मात्र खूश झाल्या. “बघ! माझ्या जावयाने केलं माझ्यासाठी,” असं लेकीला ऐकवून त्या खायला लागल्या. अर्धा तुकडा संपला. बायकोने गुडघा सोडला. आपण जिंकलो, असं मापसाहेबांना वाटलं, आणि तरी घास गोड लागेना.

“तुम्हाला वाटलं असेल, म्हातारी हट्टाला पेटलीय,” सासूबाई तोंड पुसत म्हणाल्या. “पण मी काही खुळी नाही. परवा मी स्वतः डॉक्टरांना फोन केला. वाढदिवसाला लझानिया खाऊ का म्हणून विचारलं. ते म्हणाले, आजी, बिनधास्त खा, फक्त त्या जेवणाआधी इन्शुलिन इतकं वाढवून घ्या. बरोब्बर तेवढं वाढवून घेतलंय मघाशी. घ्या, वाढा अजून.”

बायकोचा हात हवेत राहिला.

मापसाहेबांच्या डोक्यात मात्र हिशेब आपोआप सुरू झाला. इन्शुलिन घेतलं ते पास्त्याच्या मापाचं, पोटात गेलं ते वांगं. एका पारड्यात भलं मोठं वजन आणि दुसऱ्यात जवळजवळ काहीच नाही. त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. कपाळावर बारीक घाम दिसत होता. तो गरम जेवणाचा होता की दुसरा कसला, कोण सांगणार? न्हाणीघराची ओली फरशी त्यांच्या डोळ्यांपुढे आली आणि ते खुर्ची पाडून उभे राहिले.

“आई, ते वांगं आहे!”

“काय?”

“पास्ता नाही. वांगं आहे. मी खोटं बोललो. सॉसमध्ये फ्लॉवर आहे. यात काहीच नाही! साखर खा, आधी साखर खा!”

“साखर कुठाय घरात?” बायको किंचाळली. ती स्वयंपाकघरात धावली आणि फडताळं उघडू लागली. तिनेच रिकामी केलेली फडताळं. साखर नाही, मध नाही, दूध सॉसमध्ये, टोपलीत काकड्या. सासूबाई काट्याच्या टोकाने वांग्याचा पदर सोलून बघत होत्या. काटा थरथरत होता. “मला जरा कसंतरी होतंय गं,” त्या म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता.

समोरच्या शेजाऱ्यांच्या दाराला कुलूप होतं. नर्सबाई दवाखान्यात, आणि त्यांची किल्ली मापसाहेब ट्रेच्या नादात त्यांच्याच ओट्यावर विसरून दार ओढून आले होते. बायकोने त्यांना फोन लावला, आणि मापसाहेब पायात चपला न घालता जिन्यावरून खाली सुटले. पायऱ्या कशा संपल्या ते त्यांना कळलं नाही. गेटापाशी फळी होती, पण फळीवरून एक बाई पिशव्या सांभाळत येत होत्या. मापसाहेबांनी खड्डा उडी मारून ओलांडला. स्वतःच्या सहीने खणलेला तो खड्डा. पलीकडे ते एका गुडघ्यावर पडले, उठले आणि दुकानात शिरले.

“साखर!”

सेक्रेटरी गल्ल्यावर बसले होते. निरीक्षक दारात बघून ते सावरून उठले. “किती?”

“कितीही! लवकर!”

“असं कसं? पाव किलो देतो.” सेक्रेटरींनी आधी काट्याचं पारडं फडक्याने पुसलं. काटा शून्यावर आहे ना, ते वाकून पाहिलं. मापसाहेबांनाही पाहायला लावलं. मग कागदी पिशवी ठेवली. मग पिशवीचं वजन वजा केलं. मग डावाने साखर घातली. जरा जास्त झाली. चिमूटभर काढली. कमी झाली. चार दाणे टाकले. “तपासून घ्या हं साहेब, पुन्हा सील नको,” म्हणत ते आणखी दोन दाणे बोटाच्या टोकावर घेऊन आकड्याकडे बघत राहिले.

“मापू नका हो! मापू नका!” मापसाहेब ओरडले.

अख्ख्या खात्याच्या इतिहासात कुठल्याही निरीक्षकाने असं वाक्य उच्चारलं नसेल. सेक्रेटरी तोंड उघडं टाकून पाहत राहिले. मापसाहेबांनी पोत्यात हात खुपसला, मूठ भरली आणि पळाले. साखर बोटांतून गळत होती. खड्डा पुन्हा ओलांडला. जिन्यात धाप लागली, छातीत कळ आली, पण मूठ त्यांनी सैल सोडली नाही. एक मूठ म्हणजे किती, हा विचार मनात आला नाही.

बायकोने पाण्यात साखर ढवळली आणि आईच्या ओठांशी पेला लावला. तिच्या कानाशी फोन होता, फोनमधून नर्सबाई ओरडत होत्या, “सगळं पाज! आणि मशिनवर रक्तातली साखर तपास! थोड्या वेळाने पुन्हा तपास!” पेला संपला. भिंतीवरचं घड्याळ एरवी कधी ऐकू येत नसे; आता येत होतं. मापसाहेब सासूबाईंच्या खुर्चीशी जमिनीवरच बसले होते, सोललेल्या गुडघ्याचं त्यांना भान नव्हतं. हळूहळू हाताचा थरकाप थांबला. कपाळ कोरडं झालं. मशिनवरचा आकडा वर सरकला, आणि नर्सबाई फोनवर म्हणाल्या, “आता पाव-बिव द्या काहीतरी पोटाला. आणि मी आल्यावर तुम्हा दोघांशी बोलते.”

पाव कुठून आणायचा, असा प्रश्न पडायच्या आत दारात सेक्रेटरी उभे. एका हातात बरोब्बर मापलेली पाव किलो साखर, दुसऱ्या हातात पाव आणि मुरंब्याची बाटली. “काहीतरी भयंकर झालंय एवढं कळलं,” ते धापा टाकत म्हणाले. त्यांनी सगळं टेबलावर ठेवलं, सासूबाईंना बरं आहे हे पाहिलं, आणि आणखी काही न विचारता निघून गेले.

लेकीने गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदा आईसाठी पावाला मुरंबा लावला. सासूबाईंनी तो खाल्ला. दुसरा मागितला, तोही खाल्ला. मग बोलल्या. आवाज पूर्ववत झाला होता, आणि ती काही चांगली खूण नव्हती.

“त्या दिवशी पडले तेव्हा घरात कोणी नव्हतं, म्हणून पडून राहिले. आज दोघं दोन बाजूंना बसला होतात. माझ्या ताटात काय आहे ते मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. त्या शिंप्यालासुद्धा माहीत असेल.”

“आहे,” मापसाहेब पुटपुटले.

“मी इथून जाते म्हणाले ती काय लझानियासाठी? माझ्या तोंडात काय जातंय ते मला कोणी विचारत नाही, म्हणून म्हणाले. आणि जावईबापू, तुम्हीसुद्धा? तुमच्या एका शब्दावर मी खाल्लं.”

“आई, चूक माझी आहे,” लेक रडत म्हणाली. “मीच त्यांना—”

“तुझं मी बघते नंतर. मी यांना विचारतेय.”

मापसाहेबांनी तोंड उघडलं. त्यांना डॉक्टरांचं, कार्बचं, काळजीचं काहीतरी बोलायचं होतं. पण आज एकदा खोटं बोलून झालं होतं आणि ते काही जमलं नव्हतं, त्यामुळे दुसरं काही सुचेना.

“तुम्ही गेलात तर मला करमणार नाही,” ते म्हणाले. “संध्याकाळी मी तुमच्यासाठीच घरी येतो. दिवसभर काही बघितलं की वाटतं, हे आईंना सांगायचं. मला तुम्ही जायला नको आहात. बाकी काही नाही.”

बायको रडायची थांबली. एवढ्या वर्षांच्या संसारात हा माणूस इतकी वाक्यं सलग बोलला नव्हता, आणि त्यातलं एकही वजनमापांबद्दल नव्हतं.

सासूबाईंनी मुरंब्याचं बोट सावकाश पुसलं.

“मग हे सरळ मी जाते म्हणाले तेव्हाच सांगायचं ना,” त्या म्हणाल्या. “त्यासाठी एवढी वांगी कशाला पिळलीत?”

मापसाहेबांना हसावं की डोळे पुसावेत ते कळेना, म्हणून त्यांनी चष्मा पुसला. सासूबाईंनी ताट पुढे केलं.

“वाढा आता ते तुमचं वांगं. पाव कोरडा लागतोय मला.”